गायकाला रजा देणारा बँड

१९८२ साली कॅलिफोर्नियातल्या एका चौकडीने आपला पहिला पूर्ण अल्बम काढला आणि त्याला नाव दिलं 'मायलो गोज टू कॉलेज'. हे नाव म्हणजे सरळसरळ बातमी होती. बँडचा गायक मायलो ऑकरमन खरोखरच जीवशास्त्र शिकायला निघाला होता. पहिला अल्बम हातात आला की बँड गाडीत सामान भरून गावोगाव फिरायला लागतात; इथे अल्बम दुकानात आला आणि गायक वर्गात जाऊन बसला. मुखपृष्ठावर एक साधं रेखाचित्र आहे: जाड चौकटीचा चष्मा, बारीक कापलेले केस, गळ्यात टाय. शाळेत 'हुशार पोरगा' म्हणून मायलोची खोडी काढणाऱ्या एका वर्गमित्राच्या व्यंगचित्रांवरून ते घेतलेलं. आज चाळीसहून अधिक वर्षांनीही ते चित्र टी-शर्टांवर दिसतं आणि कित्येक चाहत्यांच्या दंडावर गोंदलेलं आढळतं.

हा बँड म्हणजे डिसेंडंट्स. ज्याला आज पॉप पंक म्हणतात, त्या संगीताची घडी बसवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. ग्रीन डे आणि ब्लिंक-१८२ यांच्याइतकं ते घराघरांत पोचलं नाही, हेही खरं. पण १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा बँड अजून वाजवतो आहे, आणि त्याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. मधल्या वर्षांत त्यांचा गायक पुन्हा पुन्हा निघून गेला, कधी शिक्षणासाठी तर कधी प्रयोगशाळेसाठी. प्रत्येक वेळी मित्रांनी त्याला जाऊ दिलं, आणि तो परतला तेव्हा त्याची जागा तशीच होती.

सुरुवात झाली मॅनहॅटन बीच या लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या उपनगरात. फ्रँक नॅव्हेटा गिटार वाजवायचा, बिल स्टीव्हन्सन ड्रम. दोघंही शाळकरी, आणि दोघांनाही मासेमारीचं वेड. स्टीव्हन्सनने पुढे काही काळ मासे धरून विकून पैसेही कमावले. बास वाजवायला आला टोनी लोंबार्डो. त्याचा जन्म १९४५चा, म्हणजे या पोरांपेक्षा तो चांगलाच वडीलधारा, आणि नोकरीने पोस्टमन. १९७९ साली या तिघांनी पहिली तबकडी काढली. मायलो तेव्हा त्यांच्या तालमींना येऊन बसणारा शाळासोबती होता. १९८० साली तो गाऊ लागला. शेजारच्या हर्मोसा बीचमध्ये ब्लॅक फ्लॅग नावाचा बँड होता. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या कार्यक्रमांतून हार्डकोर हा पंकचा अधिक वेगवान, अधिक संतप्त प्रकार तिथे आकार घेत होता.

डिसेंडंट्सनी नेमकं काय केलं हे समजायला थोडं सुरांकडे वळावं लागेल. पंक गिटारचा पाया ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात त्यावर उभा असतो. त्यात एक सूर, त्याचा पंचम आणि बहुधा वरचा षड्ज, इतकंच असतं. गंधार नसतो. त्यामुळे कॉर्ड आनंदी की उदास, पाश्चात्त्य भाषेत मेजर की मायनर, हे गिटार सांगतच नाही. यामागे भौतिकशास्त्रही आहे. गिटारचा आवाज मुद्दाम फाटू दिला, म्हणजे डिस्टॉर्शन दिलं, की मूळ कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्या होऊन नवे सूर तयार होतात. षड्ज आणि पंचम यांचं प्रमाण २ : ३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. म्हणून फाटलेल्या आवाजातही पॉवर कॉर्ड भरदार आणि सुरेल लागते. त्यात गंधार घातला की या बेरजा-वजाबाक्या एकमेकांशी भांडू लागतात आणि आवाज गढूळ होतो.

आता गंधाराची ही मोकळी जागा कोण भरणार? हार्डकोर बँडांनी ती बहुतेक रिकामीच ठेवली, कारण त्यांचा गायक ओरडायचा. डिसेंडंट्सच्या गाण्यात ती गळा आणि बास मिळून भरतात. लोंबार्डोचा बास गिटारच्या मागे मुकाट चालत नाही. तो स्वतःची चाल घेऊन फिरतो. कित्येकदा गाण्याची ओळख त्यानेच पटते. आणि मायलो ओरडता ओरडता गातो. आवाज घोगरा, पण चाल गुणगुणता येईल अशी. हार्डकोरचा वेग तसाच ठेवून त्यावर साठच्या दशकातल्या पॉप गाण्यांसारखी चाल बसवायची, ही ती युक्ती. न्यूयॉर्कचे रॅमोन्स आणि मँचेस्टरचे बझकॉक्स यांनी १९७६-७७च्या सुमारास पंक आणि गोड चाल यांची गाठ आधीच घातली होती. डिसेंडंट्सनी ती गाठ कितीतरी अधिक वेगात टिकवून दाखवली. पुढच्या पिढीने उचललं ते हेच.

गाण्यांचे विषयही वेगळे होते. आजूबाजूचे बँड पोलीस, सरकार आणि युद्ध यांवर गात असताना हे खाण्यावर, कॉफीवर, मासेमारीवर, नकार देणाऱ्या मुलींवर आणि न पटणाऱ्या वडिलांवर गायचे. १९८१च्या 'फॅट' या छोट्या तबकडीवर 'आय लाइक फूड' नावाचं जेमतेम काही सेकंदांचं गाणं आहे, आणि त्याच तबकडीवर वडिलांना सरळ शिवी हासडणारं एक गाणंही आहे. 'मायलो गोज टू कॉलेज'मध्ये पंधरा गाणी सुमारे बावीस मिनिटांत संपतात. उपनगरातल्या मुलाचा एकटेपणा, त्याचा चिडखोरपणा, प्रेमात पडल्यावरची त्याची त्रेधा, सगळं त्यात आहे. त्यातल्या काही ओळी आज ऐकवत नाहीत. मुलींबद्दल आणि समलिंगी लोकांबद्दल त्यात वापरलेले शब्द हीन आहेत. अल्बमवर प्रेम आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही. तो अल्बम विशीच्या उंबरठ्यावरच्या पोरांनी केला होता, आणि त्या वयातला उमदेपणा आणि क्रूरपणा दोन्ही त्यात उमटले आहेत.

मायलो सान डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. स्टीव्हन्सनला घरी बसवत नव्हतं. तो ब्लॅक फ्लॅगमध्ये सामील झाला आणि १९८४च्या त्यांच्या अल्बमांवर त्याचेच ड्रम आहेत. नॅव्हेटाने आपली वाद्यं जाळून टाकली आणि तो ऑरेगनला मासेमारीला निघून गेला. १९८५ साली मायलोची पदवी जवळ आली, तसे ते पुन्हा जमले आणि 'आय डोन्ट वाँट टु ग्रो अप' हा अल्बम निघाला. दौऱ्यावर निघायची वेळ आली तेव्हा लोंबार्डो मागे राहिला. पोस्टातली नोकरी सोडून महिनोन्‌महिने गाडीत राहणं त्याला नको होतं. या बँडमध्ये पोटापाण्याचा प्रश्न पहिल्यापासून असा उघड्यावर होता, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाने आपापलं शोधलं.

१९८७ साली सॉल्ट लेक सिटीहून दोन वादक आले: गिटारवर स्टीफन एगर्टन, बासवर कार्ल अल्वारेझ. स्टीव्हन्सन, एगर्टन आणि अल्वारेझ हे त्रिकूट आजतागायत अभंग आहे. त्यांच्याबरोबरचा पहिला अल्बम होता 'ऑल'. या शब्दामागे स्टीव्हन्सन आणि पॅट मॅक्विस्टियन या त्याच्या मासेमार मित्राने १९८०च्या सुमारास मासेमारी करताना रचलेलं एक तत्त्वज्ञान होतं. जे करायचं ते संपूर्ण करायचं, थोडक्यात समाधान मानायचं नाही, असा त्याचा गाभा. मॅक्विस्टियन १९८७ साली समुद्रातच गेला. वादळात त्याची बोट बुडाली.

त्याच वर्षी मायलोने पुन्हा निरोप घेतला. यावेळी पीएच.डी.साठी.

इथे या बँडचं वेगळेपण खऱ्या अर्थाने दिसतं. उरलेल्या तिघांनी नवा गायक घेतला, पण डिसेंडंट्स हे नाव वापरलं नाही. त्यांनी नव्या बँडला 'ऑल' म्हटलं. मायलो नसताना डिसेंडंट्स नाही, हे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. व्यवहाराच्या नजरेने हा निर्णय तोट्याचा होता. जुन्या नावाला श्रोते होते, नव्या नावाला ते पहिल्यापासून मिळवावे लागणार होते. डेव्ह स्मॉली, स्कॉट रेनल्ड्स आणि चॅड प्राइस असे एकामागून एक तीन गायक ऑलमध्ये आले. रेनल्ड्स गात असतानाचा 'ऑलरॉयज रिव्हेंज' (१९८९) ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे तिघं वादक किती पुढे गेले होते ते ठाऊक आहे. गाणी अधिक वळणांची झाली, ताल अधिक अवघड झाले. तरी चष्म्यातल्या त्या पोराचं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. १९९० साली त्यांनी लॉस एंजेलिस सोडलं आणि मिसुरी राज्यातल्या ब्रुकफील्ड नावाच्या छोट्या गावात मुक्काम हलवला. मायलोच्या रजेची किंमत खरं तर या मंडळींनी मोजली, असं मला वाटतं, आणि बँडची गोष्ट सांगताना हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो.

मायलो तेव्हा काय करत होता? मका. त्याचं संशोधन मक्यातल्या 'ओपेक-२' या जनुकावर होतं. हे जनुक एक प्रथिन तयार करतं आणि ते प्रथिन डीएनएला चिकटून दाण्यात झीन नावाची साठवणीची प्रथिनं बनवण्याची कळ दाबतं. झीनमध्ये लायसीन हे शरीराला अत्यावश्यक असलेलं अमिनो आम्ल जवळपास नसतंच. म्हणून ज्या मक्यात ओपेक-२ बिघडलेलं असतं त्यात झीन कमी आणि लायसीन जास्त सापडतं. मका हेच ज्यांचं मुख्य अन्न आहे अशांसाठी ही मोठी गोष्ट. सुरिंदर वसाल या भारतीय वैज्ञानिकाने इव्हँजेलिना व्हिलेगास यांच्यासोबत मेक्सिकोत याच बिघाडाचा उपयोग करून सकस प्रथिनांचा मका विकसित केला, आणि दोघांना २००० सालचं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. मायलोचं काम त्याच्या रेण्वीय बाजूचं. ओपेक-२च्या प्रथिनात एका ठराविक जागी एक अमिनो आम्ल बदललं की ते डीएनएला चिकटूच शकत नाही, हे दाखवणारा निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यावर पहिलं नाव एम. जे. ऑकरमन असं आहे.

पीएच.डी.नंतर तो विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला संशोधनासाठी गेला. त्याच काळात बाहेरचं जग बदललं. १९९४ साली ग्रीन डेचा 'डूकी' आणि ऑफस्प्रिंगचा 'स्मॅश' हे अल्बम आले आणि प्रत्येकाच्या लाखो प्रती खपल्या. ज्या संगीताला आजवर गॅरेजांत आणि छोट्या सभागृहांत जागा होती ते अचानक रेडिओवर दिवसभर वाजू लागलं. 'स्मॅश' काढणारी एपिटाफ ही पंक वादकांनीच चालवलेली कंपनी. ऑलला इंटरस्कोप या मोठ्या कंपनीने करारबद्ध केलं, 'पमेल' हा अल्बम १९९५ साली निघाला, पण ती लाट त्यांना काही वर घेऊन गेली नाही.

मग १९९६ साली मायलोला पुन्हा गावंसं वाटलं. 'एव्हरीथिंग सक्स' हा डिसेंडंट्सचा अल्बम एपिटाफने काढला. त्यात लोंबार्डो आणि नॅव्हेटा हे जुने साथीदारही पाहुणे म्हणून वाजवून गेले. म्हातारा झाल्यावर माझं काय होईल, असं विचारणारं 'व्हेन आय गेट ओल्ड' याच अल्बमवर आहे, आणि कॉफीवरचं अर्ध्या मिनिटाचं एक गाणंही. दरम्यान ऑलही चालूच होतं. २००१ साली 'लाइव्ह प्लस वन' नावाचा दोन तबकड्यांचा संच निघाला, त्यात एक ऑलची आणि दुसरी डिसेंडंट्सची. गायक दोन, वादक तेच तिघं. अशी वाटणी भांडणाशिवाय निभावली, याचं बरंचसं श्रेय चॅड प्राइसला द्यायला हवं.

मायलो मात्र पुन्हा प्रयोगशाळेत गेला. डेलावेअर राज्यात ड्युपाँट कंपनीत तो वनस्पती संशोधक झाला. तिथे हाजिमे साकाई यांच्यासोबत त्याने २००३ साली 'द प्लांट सेल' या नियतकालिकात लिहिलेला निबंध वनस्पतिशास्त्रात आजही संदर्भ म्हणून येतो. विषय होता झाडाला फूल कधी येतं याचा. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात एक सूक्ष्म आरएनए, मायक्रोआरएनए १७२, ठराविक जनुकांपासून प्रथिन बनण्याला लगाम घालतो. तो जास्त प्रमाणात असला की रोपाला लवकर फुलं येतात आणि फुलाच्या पाकळ्यांची ठेवणही बिघडते. मायक्रोआरएनए ही गोष्टच तेव्हा वनस्पतींत नुकती सापडलेली होती. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला सुट्टीत उरकलेली गाणी. दोन्हीकडे तो प्रथम दर्जाचं काम करत होता. शास्त्रज्ञाचा छंद म्हणून गाणं, किंवा गायकाचा आधार म्हणून विज्ञान, अशी सोयीची मांडणी त्याच्याबाबतीत करता येत नाही.

उरलेल्यांचं काय? १९९४ साली ते कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे गेले आणि तिथे त्यांनी 'द ब्लास्टिंग रूम' नावाचा स्टुडिओ उभारला. माझ्या मते या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. स्टीव्हन्सन ध्वनिमुद्रणात मुरत गेला. राइज अगेन्स्टसारख्या नव्या पिढीच्या बँडांचे अल्बम तिथे घडले. मायलोच्या येण्या-जाण्यावर कुणाची चूल अवलंबून राहिली नाही. तो आला तर डिसेंडंट्स, नाही आला तर ऑल, आणि दोन्ही नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या अल्बमांचं काम. पंकमध्ये 'स्वतःच करा' हा मंत्र फार घोकला जातो. इथे त्याचा अर्थ ध्वनिशास्त्र, यंत्रं, भाडं आणि हिशेब असा दिसतो.

२००४ साली 'कूल टु बी यू' आला. त्यात 'वन मोअर डे' नावाचं गाणं आहे, स्टीव्हन्सनने वडिलांच्या अखेरच्या काळाबद्दल लिहिलेलं. १९८१ साली ज्या बँडने वडिलांना शिवी दिली, त्याच बँडचं हे गाणं आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. मधली तेवीस वर्षं कुठल्याही चरित्रग्रंथापेक्षा जास्त नीट कळतात. त्यानंतर पुन्हा शांतता. २००८ साली फ्रँक नॅव्हेटा गेला. स्टीव्हन्सनची तब्येत ढासळली. फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आणि पाठोपाठ मेंदूत मोठी गाठ सापडली. २०१० साली शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एका महोत्सवात डिसेंडंट्स पुन्हा मंचावर उभे राहिले. त्यानंतर त्यांनी मोठी रजा घेतलेली नाही.

मायलोची विज्ञानातली नोकरी संपली ती कंपनीने केलेल्या नोकरकपातीमुळे, २०१६ साली. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर तो पहिल्यांदाच पूर्णवेळ गायक झाला. त्याच वर्षीच्या 'हायपरकॅफियम स्पॅझिनेट' या अल्बमवर 'नो फॅट बर्गर' नावाचं गाणं आहे: डॉक्टरांनी तळलेलं, चरबीचं सगळं बंद केलं, त्याची तक्रार. खाण्यावर गाणाऱ्या पोरांना पथ्य लागलं, आणि त्यांनी तेही त्याच वेगात गाऊन टाकलं. पॉप पंकमध्ये वयाचा प्रश्न नेहमी अडतो. किशोरवयातली तगमग हाच विषय असेल तर पन्नाशीतल्या माणसाने काय गायचं? बरेच बँड तीच तगमग पुन्हा रंगवतात आणि ती खोटी वाटते. डिसेंडंट्स पहिल्यापासून त्या त्या दिवशी जे चाललं आहे तेच लिहीत आले. त्यामुळे शाळा जाऊन तिच्या जागी कोलेस्टेरॉल आलं तरी गाणं खरं राहिलं.

२०२१ साली 'नाइन्थ अँड वॉलनट' निघाला. लाँग बीचमधल्या ज्या चौकाजवळ ते सुरुवातीच्या दिवसांत तालीम करायचे त्याचं हे नाव. यातली गाणी १९७७ ते १९८०मधली, बहुतेक मायलो येण्याआधीची. नॅव्हेटा, लोंबार्डो आणि स्टीव्हन्सन यांनी ती २००२ साली वाजवून ठेवली होती. गळा राहिला होता. महासाथीच्या काळात, २०२० साली, मायलोने त्यावर गायलं. पोस्टमनचा बास, मासेमाराची गिटार, ड्रमवर फोर्ट कॉलिन्सचा ध्वनिमुद्रक आणि गायला वनस्पतिशास्त्रज्ञ. नॅव्हेटाला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

ज्यांनी हा बँड कधीच ऐकलेला नाही त्यांनी सुरुवात 'एव्हरीथिंग सक्स'पासून करावी. त्याचं ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि चारही जण भरात आहेत. मग मागे 'मायलो गोज टू कॉलेज'कडे जावं, तिथे बास नीट ऐकावा. आणि ऑलचा 'ऑलरॉयज रिव्हेंज' वगळू नये.